एक ओंजळ वाटाणा

१९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण आधी ऐकून घे. मागच्या तुकड्यातला हिवाळी चारा पूर्ण आडवा झाला. ओट आणि वाटाणा एकमेकांच्या गळ्यात पडून जमिनीवर लोळताहेत. डिसेंबरात तो माझ्या कमरेपर्यंत आला होता, हिरवागार, आणि मी रोज संध्याकाळी बांधावर उभा राहून स्वतःचीच पाठ थोपटत होतो. मग दोन दिवस वारा आणि झिमझिम पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर शेतात कुणी गादी अंथरावी तसं दिसत होतं. वरून हिरवं, पण हात घालून उचललं की खाली सगळं पिवळं आणि चिकट. वास तर असा, की ठिपकीने तोंड लावलं आणि मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने गुरांच्या भानगडीत पडावंच कशाला, असा तिचा चेहरा होता.

बाबा गेले त्या हिवाळ्याचा चारा त्यांनीच पेरून ठेवला होता, म्हणून माझं निभावलं. ही माझी पहिली पेरणी. सहा गुरांतली दोन मी पलीकडच्या गोठेवाल्याकडे सोडून आलो, चौघींना वाळलेल्या गवतावर काढतोय. दूध निम्म्यावर आलं.

हिने काल मला शांतपणे सांगितलं, आणि ती शांतपणे बोलते तेव्हाच मला धडकी भरते, की अजून एक हिवाळा बघू. पुढच्या वर्षीही चारा उभा राहिला नाही, तर उरलेली चारही गोठेवाल्याला द्यायची, घराला कुलूप लावायचं आणि शहरातल्या दोन खोल्यांत परत जायचं. तिचं चूक नाही गं. पण बाबांचा गोठा माझ्या हातून रिकामा होणार, हे मनात आलं की मी ताटावरून उठून गोठ्यात जाऊन बसतो.

तुझ्या गुडघ्यांना माझा वेगळा नमस्कार. चारा पडला तरी लोभ उभा असू दे.

तुझा,
धाकटा


३० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा.

तीन आठवडे पत्र नाही म्हणून मी इकडे काय काय कल्पना करून बसले होते, आणि निघालं काय तर ओट पडला. माणसं धडधाकट आहेत ना, मग झालं, असं लिहिणार होते. पण तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि तसं लिहवेना. गोठा रिकामा होणं मलाही सोसणार नाही. मी त्या घरात जेमतेम आठ वर्षं राहिले, तू त्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी आजही डोळे मिटले की मला पहिल्यांदा तो गोठाच दिसतो. गुरांच्या श्वासाची वाफ, आणि बाबा कापलेला चारा दोन्ही हातांनी हुंगून बघतायत. वाटाण्याला उभं राहायला ओट लागतो आणि ओटाला चव यायला वाटाणा लागतो, असं ते म्हणायचे. नुसता ओट घातला तर पोट भरतं पण दूध वाढत नाही, नुसता वाटाणा घातला तर गुरं फुगतात.

माझं म्हणशील तर तेच दुकान, तीच खिडकी, तोच टेबलावर वाकवलेला दिवा. या आठवड्यात इस्त्रीने जाळलेला एक कोट आला आहे. त्याच्याच शिवणीतले धागे काढून रफू करते आहे. गिऱ्हाइकाने परत नेताना भोक कुठे होतं ते विचारलं, की मला दिवसभर पुरतं.

बाबा या दुकानात एकदाच आले होते, तुला आठवतं का? वीसेक वर्षं झाली असतील. दारामागच्या स्टुलावर दुपारभर बसले. दोन कप चहा प्यायले आणि सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले, एक शब्द नाही. जाताना रफूची एक सुई आणि थोडी राखाडी लोकर तेवढी मागून घेतली. पोती शिवायची असतील, असं मी समजले. मुलीने कुणाच्याही मदतीशिवाय दुकान उभं केलं, त्यावर नुसतं ‘बरं आहे’ एवढं तरी म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. नाही म्हणाले. वीस वर्षं झाली तरी ते मला टोचतं, तुला खोटं कशाला सांगू.

ते असो. बी मिसळलंस कसं, ते नीट सविस्तर लिही. मला त्यात काहीतरी पाणी मुरतंय असं वाटतं.

माया आहेच, ती पत्रागणिक वाढती ठेवणारी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

धपाटा पोचला.

बी मी अगदी बाबांच्या पद्धतीने मिसळलं. लिफ्टचं काम केलेला माणूस आहे मी, लिहून ठेवलेल्या मापाच्या बाहेर एक सूतही जात नाही. बियाण्याच्या लाकडी पेटीच्या झाकणाला आतून बाबांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, ‘ओट दोन ओंजळी, वाटाणा एक ओंजळ.’ अक्षर पुसट आहे, पण वाचता येतं. कोठारात ताडपत्री अंथरली आणि बसलो. दोन ओंजळी ओट, एक ओंजळ वाटाणा, पुन्हा दोन, पुन्हा एक. दुपार गेली, कंबर धरली, पण माप चुकू दिलं नाही.

बियाणेवाल्याला एक लोळलेली जुडी नेऊन दाखवली. तो म्हणाला, की वाटाणा फार झाला. तो ओटावर चढतो, त्याचा भार ओटाला पेलत नाही, आणि पहिल्या वाऱ्याला दोघं एकदम बसतात. मी त्याला ठासून सांगितलं की हे माप माझ्या वडिलांचं आहे आणि साठ वर्षांत त्यांचा चारा एकदाही पडलेला नाही. यावर तो म्हणाला, की मग वडिलांनाच विचारा. वाईट मनाने नाही म्हणाला, त्याला ते गेल्याचं माहीत नव्हतं. मी जुडी उचलून तिथून निघालो.

विचारायचं कसं? जिवंत होते तेव्हाही त्यांनी कधी सांगितलं नाही. पेरणीच्या आदल्या दुपारी ते कोठाराचं दार आतून लावून घ्यायचे. कुणी बोललं की मोजणी चुकते, असं सांगून मला बाहेर काढायचे. दहा वर्षांचा होतो तेव्हाही, आणि सुट्टीवर यायचो तेव्हा पन्नाशीतही. माझ्या हाताला ते काम द्यायचा त्यांना भरवसा नव्हता, असंच मी धरून चाललो. आता चारा लोळल्यावर वाटतं, त्यांचंच बरोबर होतं.

मन जरा खट्टू आहे. दोन ओळी लवकर पाठव, तेवढाच आधार.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. आज धपाटा नाही.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि मी इतकी हसले की कोट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातच थबकलं. मग रडू आलं, तेव्हा ते बिचारं उद्या येतो म्हणून निघून गेलं.

अरे वेड्या, ती ओंजळ माझी होती!

मी सात वर्षांची होते. ताडपत्रीच्या एका बाजूला ओटाचा ढीग, दुसऱ्या बाजूला वाटाण्याचा. बाबा त्यांच्या त्या फावड्याएवढ्या हातांनी दोन ओंजळी ओट टाकायचे, मग थांबायचे, आणि मी माझी एक ओंजळ वाटाणा टाकायचे. चुकून दोनदा टाकली की ते ओरडायचे नाहीत, नुसते माझ्याकडे बघत बसायचे, मग मीच वेचून परत काढायचे. झाकणावर त्यांनी लिहिलं तेव्हा मी शेजारी उभी होते. माझीही ओंजळ लिहा, असा मीच हट्ट धरला होता. कुणाची ती लिहायचं त्यांना सुचलंच नाही, कारण मोजायला आम्ही दोघंच होतो. तू तेव्हा पाळण्यात अंगठा चोखत होतास. आणि तू तुझ्या लिफ्टवाल्या पंज्यांनी माझी ओंजळ भरलीस! तीनपट वाटाणा गेला असेल. पडेल नाही तर काय?

पुढच्याच हिवाळ्यात मला शाळेसाठी आत्याकडे पाठवलं. त्या सकाळचं मी कुणाला कधी सांगितलं नाही, तुला सांगते. कडाक्याची थंडी होती आणि माझा हातमोजा सापडेना. लाल, आईने विणलेला. उजवा होता, डावा गायब. मी डावखुरी, आणि हरवला तोही डावाच. आईने सगळं घर उलथंपालथं केलं, मला वेंधळी म्हणाली, नव्या घरी जाताना तरी वस्तू सांभाळायला शीक म्हणाली. बाबा दाराशी उभे होते. माझी बाजू घेतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते खाली बघत होते. जवळही आले नाहीत. डावा हात काखेत दाबून मी गाडीत बसले आणि आत्याचं घर येईपर्यंत रडले. एक तोंड कमी झालं म्हणून यांना बरंच वाटत असेल, असं तेव्हा मनाने घेतलं. मोठेपणी कळतं की तसं नसतं. पण आठव्या वर्षी मनाने घेतलेलं पूर्ण कधी जात नाही रे.

असो. वाटाणा कमी कर. किती कमी, ते मात्र मला सांगता येत नाही, माझ्याकडे आता ती ओंजळ नाही. पण मी गेल्यावरही बाबा साठ वर्षं पेरत होते. कशाने तरी मोजत असतीलच. त्या पेटीत एखादं भांडं, एखादा डबा बघ.

काळजी करू नकोस. करायचीच तर अर्धी माझ्याकडे पाठव.

तुझी,
ताई


२ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उन्हाळा आणि पावसाळा मी तुला खुशालीची चार-चार ओळींची कार्डं टाकत राहिलो, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. गुरं बाहेर चरत होती. पेटी मी तीन वेळा उपसली, भांडंही नाही आणि डबाही नाही. शेवटी बियाणेवाल्याच्या अंदाजाने पेरायचं ठरवलं होतं. पण काल पेटी धुवायला काढली आणि आता मला बसून सगळं नीट लिहायला हवं.

पेटीच्या तळाला कोपऱ्यात उंदराने पाडलेलं भोक आहे. गेल्या वर्षी मी ते पेटीतल्याच एका चिंधीने बुजवलं होतं. काल ती चिंधी ओढून काढली, झटकली, आणि तिला पाच बोटं निघाली.

ताई, तो मोजा आहे. लाल होता हे आतल्या बाजूने कळतं. डाव्या हाताचा. जागोजागी इतका शिवलेला की मूळची लोकर किती आणि शिवण किती ते सांगता येणार नाही. करंगळीच्या टोकात काहीतरी टणक लागलं म्हणून उलटा केला, तर तीन वाळलेले वाटाणे पडले.

मी तसाच कोठाराच्या पायरीवर बसलो. हिने काय झालं म्हणून विचारलं, तर मोजा पुढे केला आणि तुझं फेब्रुवारीतलं पत्र आणून दिलं. तिने ते उभ्याउभ्या वाचलं आणि पदर डोळ्याला लावून आत गेली. या घरात आल्यापासून तिला मी पहिल्यांदा असं पाहिलं.

तू वेंधळी नव्हतीस. चोर दाराशी खाली मान घालून उभा होता. तो जवळ का आला नाही, हेही आता कळतं. मोजा त्याच्या खिशात असणार. आणि मला साठ वर्षं कोठाराबाहेर का काढलं, तेही कळलं. तेवढ्यापुरता मी आज फार हलका झालो आहे. माझ्या हातांवर त्यांचा अविश्वास नव्हता. त्यांना पकडलं जायचं नव्हतं.

मोजा मनगटाच्या पट्टीपर्यंत वाटाण्याने भरून पाहिला. माझ्या ओंजळीच्या तिसऱ्या हिश्शाला किंचित कमी भरतो. मोजा लगेच तुझ्याकडे पाठवू का? तुझा आहे.

तुझा,
धाकटा


९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आज मोठं पत्र जमणार नाही. दोन दिवस दुकान बंद ठेवलं आहे, तब्येत ठीक आहे.

मोजा पाठवू नकोस. आधी पेर. दोन ओंजळी तुझ्या, एक मोजा वाटाणा. चारा उभा राहिला तरच मला त्याबद्दल लिही.

एखादा डबा चालला असता रे त्यांना. घरात डबे काय कमी होते?

ताई


१६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उभा आहे.

आधी हे एकच लिहून पत्र बंद करणार होतो, पण हिने दटावलं. ओटाच्या ओंब्या बाहेर पडायला लागल्यात, वाटाणा पांढऱ्या फुलावर आहे. वाटाण्याने ओटाच्या काड्यांना बोटभर लांबीच्या ताण्यांनी धरलंय आणि ओट ताठ आहे. गेल्या आठवड्यात वारा सुटला. मी गोठ्यातून बाहेर आलोच नाही, माझी छातीच झाली नाही. ही गेली, बघून आली, आणि म्हणाली की सगळं डोलतंय पण बसत नाहीये. मग मी गेलो.

काल पहिली कापणी केली. बाबांसारखा दोन्ही हातांत धरून हुंगला, नेमकं काय हुंगायचं असतं ते मला माहीत नाही, पण छान वाटलं. ठिपकीने मान खाली घातली ती वरच केली नाही. ही बराच वेळ कठड्याला टेकून गुरांचं खाणं ऐकत उभी होती. मग म्हणाली, की गोठेवाल्याला सांगून ये, त्या दोघींना परत आणायचंय. कुलपाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मीही काढली नाही, मी काय वेडा आहे?

बी मिसळताना दार उघडं ठेवलं होतं.

सोबत मोजा पाठवतो आहे. यंदा माझ्याकडून त्याचा अंगठा उसवला, शेवटी शेवटी वाटाणे गळत होते. जमलं तर टाका घाल. घरचं काम आहे, गिऱ्हाइकांच्या आधी घे.

आता तुझा राग उतरला असेल तर तसं कळव, नसला उतरला तरी पत्र पाठव.

तुझा,
धाकटा


२७ जानेवारी

चि. धाकट्यास,
पोटभर आशीर्वाद, तुला, तिला आणि सहाही जणींना.

मोजा मिळाला. दिव्याखाली ठेवून दोन दिवस नुसता बघत होते. मी रफूवाली आहे, लोकांना पत्र वाचता येतं तसं मला शिवण वाचता येते.

जुने टाके भयंकर आहेत. दोरा ओढून गोळा केलेला, पोत्याचं तोंड शिवतात तसा. त्या हातांनी एवढ्याशा बोटात सुई कशी घातली असेल देव जाणे. एका ठिकाणी चुकून करंगळी आणि शेजारचं बोट एकत्र शिवलंय, मग सोडवलंय. पण तळव्यावर एक राखाडी तुकडा आहे, आणि तो रफू आहे. आडवे धागे, त्यांतून एक खाली एक वर घेतलेले उभे धागे, कडेला प्रत्येक ओळीत एवढासा फास सोडलेला, लोकर धुतल्यावर आवळते म्हणून. हे मी करते. आणि टाके डावीकडून उजवीकडे गेलेत. मी डावखुरी आहे म्हणून माझे तसे जातात, उजव्या हाताचं माणूस असं कधी करत नाही. बाबा उजव्या हाताचे होते. त्यांनी त्या दुपारी जसं बघितलं तसंच्या तसं केलं, उलटं असूनही.

मी चहा करून देत होते आणि मनात कुढत होते, की हा माणूस काही बोलत का नाही. ते शिकत होते रे. मोजा तेव्हाही त्यांच्या खिशात असेल. मी विचारलं असतं तर कदाचित काढून दाखवला असता. मीही विचारलं नाही.

अंगठा शिवला आहे. चाळीस वर्षं मी दिसू नये असा टाका घालत आले. हा निळ्या लोकरीने घातला आहे, राखाडीच्या शेजारी, लांबून दिसेल असा. मोजा परत पाठवत नाही, पेरणीला मीच घेऊन येते. गुडघ्यांना विचारलेलं नाही. दोन ओंजळी तू टाकायच्यास आणि मोजा मी भरणार, हे आत्ताच ठरवून टाक, तिथे आल्यावर वाद नको. करंगळीतले ते तीन वाटाणे तू फेकले नसशील अशी आशा आहे.

आणि एक. तो राखाडी रफू चांगला झाला आहे. खरंच चांगला झाला आहे, माझ्या दुकानात कुणी केला असता तर मी त्याला कामावर ठेवून घेतलं असतं. बाबांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आहे तेवढी सगळी माया तुमच्याकडे,
ताई